दोघींची सांडशी

दूध वर आलं म्हणून सर धावले, सांडशीनं पातेल्याचा काठ धरला आणि उचलायला गेले, तर पातेलं जागच्या जागी आणि सांडशीचा एक दांडा सरांच्या हातात. दुसरा दुधात बुडाला. दूध शेगडीवरून ओट्यावर आलं, ओट्यावरून खाली सरांच्या पायावर, आणि सर मात्र त्या एकट्या दांड्याकडं बघत उभे.

दारात सरांची मुलगी वृषाली उभी होती. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "बाबा, त्यांना विचारा, सांडशीला काय झालं."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर फडकं शोधत होते. सर माझ्याकडं वळले. "शालन, सांडशीला काय झालं?"

"काल भट्टीवर नेली होती," मी म्हटलं. "लाल सळई धरली त्या सांडशीनं. दोन दांडे जोडणारा रिवेट ढिला झाला असणार."

सर पुन्हा तिकडं वळले. "वृषा, ती म्हणते, काल भट्टीवर..."

"ऐकलं मी," वृषाली म्हणाली आणि आत निघून गेली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी सगळं असंच चालायचं. मी तेव्हा तासगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. इकडच्या माणसाची लाइन तिकडच्या माणसाला जोडून द्यायची, 'बोला, आहेत लाइनवर' म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं, हे माझं रोजचं काम. घरी आले की ते काम सरांकडं जायचं. चहात साखर कमी आहे हेसुद्धा सरांच्या मार्फत कळायचं. आणि बिचारे सर एकही शब्द न गाळता इमानानं इकडचं तिकडं पोचवायचे.

सर म्हणजे माझे यजमान, दिगंबर सुतार. हायस्कूलला भूगोल शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही सर म्हणायला लागले आणि ती सवय कायमची राहिली. त्यांची पहिली बायको आजारपणात गेली होती. माझं लग्नच राहून गेलेलं. थोरल्या बहिणी उजवल्या, मग वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, आजारपण निघालं, मग नोकरी, आणि बघता बघता चाळिशी उलटली. सांगलीच्या एका वधू-वर मेळाव्यात आमची गाठ पडली. तिथं प्रत्येक बाईनं माइकसमोर येऊन नाव, नोकरी आणि आवड सांगायची होती. माझे वडील लोहार. लहानपणापासून मी त्यांच्या भट्टीवर वाढले. भावानं पुढं वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि अप्पांची सगळी हत्यारं भंगारात घातली. ऐरण तेवढी राहिली, कारण ती कुणाला उचलेना. ती माझ्या वाट्याला आली. तर मी माइकवर सरळ सांगून टाकलं, "आवड लोखंड ठोकण्याची. घरी ऐरण आहे." हॉलमध्ये हशा पिकला. नंतर चहाच्या वेळी एक चष्मेवाले गृहस्थ कपबशी सांभाळत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ऐरण खरंच आहे का हो?"

"आहे," मी म्हटलं. "लग्न झालं तर बरोबर येईल."

आणि आली. टेंपोतून उतरवायला गल्लीतले चार जण लागले. समोरच्या यमुनाकाकू गॅलरीतून ओरडल्या, "सर, लोक फ्रिज आणतात हो!" मागच्या अंगणात सायकल ठेवायची पत्र्याची शेड होती, तिथं ऐरण बसवली. विटा रचून भट्टी केली, जुन्या बाजारातून हातानं फिरवायचा पंखा आणला. सरांचं आडनाव सुतार, पण घरातलं एक स्टूल वर्षानुवर्षं डगमगत होतं ते त्यांना नीट करता आलं नव्हतं. ते भट्टीकडं मोठ्या कौतुकानं बघायचे आणि लांब उभे राहायचे.

वृषाली पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकत होती. आमच्या लग्नानंतर ती पहिल्यांदाच घरी आली ती या सुट्टीत. ती मला वावगं कधी बोलली नाही. चांगलंही नाही. मी समोर आले की ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायची. जेवायची ती पुस्तक घेऊन, तिच्या खोलीत.

दूध सांडलं त्या रात्री जेवताना सर भात नुसता चिवडत होते. म्हणाले, "शनिवारी जाते म्हणतेय वृषा. आणि मे महिन्यात इकडं येणार नाही. कराडला आत्याकडं राहणार."

"बरं," मी म्हटलं.

"म्हणाली, माझी खोली तुम्हाला लागली तर वापरा." सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला कशाला लागतेय दुसरी खोली?"

मी विषय बदलला. म्हटलं, "स्वयंपाकघरातली सांडशी उद्या बाजारातून आणू. पण भट्टीसाठी मला माझी स्वतःची करायला पाहिजे. लोहाराची. लांब दांड्यांची."

सरांना तेवढंच बरं वाटलं. त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "पण मला सांग, सांडशी करायची तर लोखंड धरायला सांडशी लागत असेल ना? मग पहिली कशी करायची?"

"लांब सळई घ्यायची. एक टोक भट्टीत, दुसरं आपल्या हातात. ते गारच असतं. फक्त घण मारायला दुसरं माणूस लागतं."

"मी मारतो की," सर म्हणाले.

शुक्रवारी माझी दुपारची पाळी होती. सकाळीच भट्टी पेटवली. सर बनियनवर टॉवेल खोचून, डोक्याला रुमाल बांधून आले. सळईचं टोक पिवळंजर्द झालं तेव्हा मी ते ऐरणीच्या काठावर धरलं आणि म्हटलं, "मारा."

पहिला घण ऐरणीवर बसला, सळईला लागलाच नाही. दुसरा सळईच्या कडेला लागला आणि सळई माझ्या हातून निसटता निसटता राहिली. तिसऱ्या वेळी सरांनी ईर्ष्येनं घण पार डोक्यावर नेला. तो तिथंच राहिला. सर पण तिथंच राहिले.

"सर?"

"शालन," ते हळूच म्हणाले, "मला हलता येत नाहीये."

कंबरेत उसण भरली होती. मी सळई भट्टीत सरकवली, सरांच्या हातातला घण काढून घेतला आणि त्यांना बगलेत धरून आत नेऊन पलंगावर निजवलं. बाम चोळला, कढत पाण्याची पिशवी दिली. ते कण्हत होते आणि मध्येच स्वतःशी हसत होते. हसलं की कंबर आणखी दुखायची.

मी अंगणात परत आले तर मागच्या पायरीवर वृषाली बसलेली. मांडीवर पुस्तक, पण नजर भट्टीकडं. भट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडत होत्या.

"ते जळतंय," ती म्हणाली.

आसपास दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे ते मलाच होतं.

"मग काढ की," मी म्हटलं.

तिनं पुस्तक पायरीवर पालथं ठेवलं, पुढं झाली आणि सळईचं गार टोक धरून बाहेर ओढली. जास्त तापल्यानं टोक जळून खडबडीत झालं होतं. तेवढं मी छिन्नीनं तोडून टाकलं आणि सळई पुन्हा भट्टीत घातली. ती गेली नाही. पंख्याच्या दांड्याकडं बघत उभी राहिली. मग आपणहून फिरवायला लागली.

"घण उचलेल तुला?" मी विचारलं.

तिनं सवयीनं घराकडं मान वळवली. "बाबा, त्यांना..." आणि थांबली. खिडकीतून नुसतं कण्हणं ऐकू येत होतं.

"ते पडून आहेत," मी म्हटलं. "तू मला सांग, मी त्यांना नंतर सांगते."

तिनं ओठ घट्ट मिटले. हसू आलं की ती असंच करते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिनं ओढणी कंबरेला आवळली, वेणी आत खोचली आणि घण उचलला.

मी तिला अप्पांची पद्धत सांगितली. माझ्या लहान हातोड्याचा टोला जिथं पडेल तिथंच घण मारायचा. मी हलकं मारलं तर हलकं, जोरात मारलं तर जोरात. मी ऐरणीवर नुसताच हातोडा वाजवला की थांबायचं. बोलायचं काम नाही. पोरीचा कान तयार होता. दोन-चार टोल्यांतच तिला लय सापडली. टण्, धम्. टण्, धम्. सळईचं टोक चपटं होऊन जबड्याचा आकार यायला लागला. मला अप्पांच्या शेडमध्ये असल्यासारखं वाटलं.

जबडा झाला की सळई पाव वळण फिरवायची आणि मागचा भाग ठोकायचा. तिथं रिवेट बसतो. नेमकं तेव्हाच वारं फिरलं आणि सगळा धूर माझ्या डोळ्यांत गेला. मी डोळे चोळत उभी राहिले.

"अगं, फिरव की!" वृषाली ओरडली. "बघतेस काय! गार होतंय ते!"

मी फिरवली. टण्, धम्. टण्, धम्. मग मी ऐरणीवर हातोडा वाजवला, तिनं घण खाली टेकवला, आणि आपण काय बोलून गेलो हे तिच्या ध्यानात आलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली ती. घरात तिनं 'अगं' म्हणून हाक फक्त आईला मारली असणार.

खिडकीतलं कण्हणं एकदम बंद झालं होतं.

मी काहीच ऐकलं नाही असं दाखवलं. "पाणी पितेस?" म्हटलं.

"तुम्ही घ्या आधी," ती म्हणाली.

पुढं सकाळभर तेच. लोखंड लाल असलं की 'धर, सोड, इकडं घे, अगं वाकडं होतंय!' आणि भट्टीत गेलं की 'तुम्ही'. मी मनातल्या मनात हसत होते आणि शक्य तेवढा जास्त वेळ लोखंड बाहेर ठेवत होते.

सांडशीचा एक अर्धा भाग तयार झाला. लांब दांडा, चपटा जबडा, मध्ये रिवेटसाठी पसरट जागा. वृषालीनं तो पाण्यात बुडवला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "दुसरा मी करते. तुम्ही घण मारा."

मी कशाला नाही म्हणते! तिनं हातोडा घेतला, मी घण घेतला. सळई तापेपर्यंत ती बोलायला लागली. हॉस्टेलच्या आमटीबद्दल, रेक्टरबाईंच्या मांजराबद्दल. खोलीत राहणाऱ्या नागपूरच्या मुलीबद्दल, जी झोपेत गणितं सोडवते. मी विचारत होते, ती सांगत होती. मध्ये सर नव्हते, कॅलेंडर नव्हतं. मी इतकी रमले होते की तिच्या हातांकडं माझं लक्षच गेलं नाही.

दुसराही अर्धा झाला, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा सरळ झाला. आम्ही दोन्ही शेजारी शेजारी फरशीवर ठेवले. काय देखणे दिसत होते! सर कंबरेला टॉवेल गुंडाळून भिंत धरत धरत बाहेर आले होते. त्यांनी दोन्ही भाग उचलले आणि एकावर एक तिरपे ठेवून बघितले. मग फिरवून बघितले. मग एक उलटा करून.

"हे जबडे एकमेकांसमोर येत नाहीत," ते म्हणाले. "माझं काही चुकतंय का?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. सांडशीचे दोन्ही भाग अगदी एकसारखे लागतात. एक पालथा घालून दुसऱ्यावर ठेवला की जबड्याला जबडा भिडतो. आमचा एक भाग उजव्या हाताचा झाला होता आणि एक डाव्या. आरशात बघावं तसे. तोंडं फिरवून बसलेले.

"तू डावखुरी आहेस?" मी विचारलं.

"हो," वृषाली म्हणाली. "का?"

"तू हातोडा डाव्या हातात धरलास. सळई उलटीकडं फिरवलीस. म्हणून असं झालं. होतं असं. त्यात काय! तुझा टाकून देऊ आणि दुसरा करू, पुन्हा मारला की..."

बोलता बोलताच मला कळलं की हे नको होतं बोलायला. तिचा चेहरा दिवा मालवावा तसा झाला.

"टाकाच," ती म्हणाली. "या घरात आता माझंच उलटं."

पुस्तक उचलून ती आत गेली.

दुपारी एक्स्चेंजमध्ये मी दोनदा भलत्याच घरी लाइन जोडली. एका द्राक्षबागायतदाराचा बेदाण्याचा भाव एका डॉक्टरणीनं ऐकून घेतला. संध्याकाळी घरी आले तर सर म्हणाले, "वृषानं सांगितलंय, ती मैत्रिणीकडं जेवून आलीये. आणि उद्याची दुपारची गाडी पकडणार आहे." पुन्हा एक्स्चेंज सुरू.

पण माझं ठरलं होतं.

शनिवारी सकाळी सर्वांच्या आधी उठून मी भट्टी पेटवली. तिचा भाग फडक्यानं पुसून ऐरणीजवळ ठेवला. माझा बाजूला सारला. नवी सळई घेतली आणि सरांच्या शर्टाच्या खिशातून खडू काढून ऐरणीवर मोठा बाण काढला, नेहमीच्या उलट दिशेला. कारण हात सवयीनं उजवीकडंच वळतो, आणि मला या वेळी तो डावीकडं वळवायचा होता. घण मारायला कुणी नव्हतं. एकटीनं हातोड्यानंच ठोकत होते. टण्. टण्. टण्. काम पुढंच सरकेना. जबड्यालाच तीनदा तापवायला लागलं. शिवाय मनगट सारखं जुन्या वाटेला जाऊ बघायचं.

"आज बाणसुद्धा काढलाय," मागून आवाज आला. वृषाली पायरीवर उभी होती, प्रवासाचे कपडे घालून. "पण तो उलटा आहे. तुम्ही उलटं करताय."

"मुद्दाम."

ती खाली उतरली. तिनं आपला भाग बघितला, नीट पुसून ठेवलेला. माझा बघितला, कोपऱ्यात पडलेला.

"माझाच का ठेवलात?"

"तुझा सरळ झालाय. माझ्याचा जबडा थोडा तिरपा आहे," मी म्हटलं. "आणि काय गं, दोन्ही सारखे पाहिजेत एवढंच. डाव्या हाताचे असोत नाहीतर उजव्या. तुझ्यासारखा करते म्हणजे झालं."

ती पंख्याशी जाऊन बसली आणि फिरवायला लागली. कोळसा फुलला.

"त्या दिवशी मेळाव्याला मी पण आले होते," ती म्हणाली.

"कुठल्या? सांगलीच्या?"

"बाबांबरोबर. मागच्या खुर्चीवर बसले होते. बाबा यायला तयारच नव्हते, मीच ओढून आणलं होतं त्यांना. घरी आले की ते नुसते रेडिओ लावून बसायचे, मला बघवायचं नाही. तर तिथं सगळ्या बायका एकामागून एक. वाचन, भरतकाम, पाककला. वाचन, भरतकाम, पाककला. बाबांना डुलकी लागली होती. आणि मग तू आलीस नि म्हणालीस, लोखंड ठोकते." तिनं ओठ घट्ट मिटले, पण या वेळी हसू सुटलंच. "मी इतकी हसले की पुढच्या बाई वळून बघायला लागल्या. आई गेल्यापासून मी अशी हसलेच नव्हते. बाबांना कोपरानं ढोसलं. म्हटलं, बाबा उठा, या बाई. याच."

माझ्या हातातला हातोडा तसाच राहिला. सर या बाबतीत मला एक अक्षर बोलले नव्हते.

"म्हणजे मला तू पसंत केलंस?"

"हो. कुणाला सांगू नका म्हणून मी बाबांना शपथ घातली होती."

"मग इतके दिवस हे काय चाललं होतं?"

ती पंखा फिरवत राहिली. निखाऱ्यांकडं बघत म्हणाली, "मग तू खरंच आलीस."

तिनं भट्टीत डोकावून बघितलं आणि उभी राहिली. "झालंय लाल. घण कुठंय?"

प्रवासाच्या कपड्यांवर माझी जुनी साडी गुंडाळून तिनं घण धरला. टण्, धम्. टण्, धम्. खिडकीत सर येऊन उभे होते. त्यांना मी हातानं खूण केली, आत जा. ते गेले नाहीत.

दोन्ही भाग झाले. एकमेकांवर ठेवले तर जबड्याला जबडा असा भिडला की मध्ये पोस्टकार्ड सरकलं नसतं. भोकं पाडली. रिवेट लाल करून भोकात घातला, तिनं दोन्ही भाग दाबून धरले आणि मी रिवेटचं डोकं ठोकून पसरवलं. सांडशी तयार झाली, पण हलेना. दोन्ही दांडे जाम.

"बिघडली?" तिनं घाबरून विचारलं.

"नाही गं. नवी अशीच असते. सांधा पुन्हा तापवायचा आणि तापलेला असतानाच उघडझाप करत राहायचं. गार होईपर्यंत सोडायचं नाही."

सांधा लाल झाला. एक दांडा मी धरला, एक तिनं. उघड, मीट. उघड, मीट. आधी दोघींचा जोर लागला, मग एका हातानं हलायला लागली, आणि पाण्यात बुडवल्यावर तर नुसत्या बोटांनी. वृषालीनं ती उजव्या हातात घेतली, जमिनीवरचा तोडलेला तुकडा उचलला, भट्टीत घातला, लाल करून काढला, फिरवला, पुन्हा घातला. तुकडा जरासुद्धा हलला नाही. तिच्या हातात ती मापानं केल्यासारखी बसली होती.

मग तिनं ती माझ्याकडं दिली. मी डाव्या हातात धरली. चालत होती, पण दांडे तळव्यात जरा आडवे येत होते. तिनं ते बरोबर टिपलं.

"तुला नीट बसत नाहीये."

"बसेल सवयीनं."

"नको," ती म्हणाली आणि सांडशी माझ्या हातातून काढून घेतली. "ही माझी झाली."

शेडच्या खिळ्याला ती तिनं स्वतः टांगली आणि हात धुवायला गेली.

दुपारी बसस्टँडवर सर बाकावरच बसून राहिले. त्यांना उठबस जमत नव्हती. वृषाली वाकून त्यांच्या पाया पडली, काहीतरी कानात बोलली, आणि आम्ही दोघी गाडीकडं गेलो. मी तिची पिशवी खिडकीतून आत दिली. गाडी भरलेली, कंडक्टरची घाई, कुणाची तरी कोंबडी पायात. घंटी वाजली. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि ओरडली, "मे महिन्यात तुझी करू! कोळसा भरपूर आणून ठेव!"

धुरळा बसेपर्यंत मी तिथंच उभी होते. मग सरांजवळ आले. ते बाकाचा आधार घेऊन उठत होते.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. "मला काही ऐकू आलं नाही इथून."

"कोळसा आणून ठेवायला सांगितलाय. मे महिन्यासाठी."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही हळूहळू घरच्या वाटेला लागलो. द्राक्षबागांच्या कडेनं जाताना त्यांनी मध्येच थांबून विचारलं, "कराडला ट्रंक कॉल लागेल का गं आत्ता?"

"लागेल की. कुणाला?"

"ताईला. वृषा मे महिन्यात तिकडं येत नाही म्हणून सांगायला पाहिजे."

"अहो, मे महिन्याला अजून किती अवकाश आहे."

"असू दे," सर म्हणाले. "आत्ताच सांगू."

आणि कंबरेवरचा हात काढून ते माझ्या पुढं चालायला लागले.